हाउसबोट की क्रूझ: नाशिकच्या मित्रमंडळींसाठी तुलनात्मक आढावा

नाशिकच्या चार-पाच मित्रांनी किंवा दोन-तीन कुटुंबांनी मिळून पाण्यावर मुक्कामाला जायचे ठरवले, की चर्चा बहुधा दोनच पर्यायांवर येऊन थांबते: केरळातील अलेप्पीची हाउसबोट, नाहीतर मुंबईहून गोव्याकडे जाणारी मोठी क्रूझ. जाहिरातींत दोन्हीकडचा सूर्यास्त सारखाच दिसत असला, तरी प्रत्यक्ष राहणीत साम्य फार थोडे आहे.

जाण्यायेण्याच्या बाबतीत क्रूझ उघडच सोयीची आहे. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने निघालेला माणूस गाडी वेळेवर असेल तर दुपारच्या आत सीएसएमटीला उतरतो आणि क्रूझ जेथून सुटते तो बॅलार्ड पिअर धक्का तेथून टॅक्सीने जवळच आहे. अलेप्पीसाठी नाशिकरोडहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट एर्नाकुलमला नेते. मात्र कोकण रेल्वेमार्गे होणारा हा प्रवास एका दिवसाहून अधिक चालतो आणि पुढे अलेप्पी आणखी पन्नासेक किलोमीटरवर राहते. सुट्टी चारच दिवसांची असेल, तर विमानाशिवाय हे गणित जमत नाही.

अलेप्पीची हाउसबोट समुद्रात जातच नाही. किनाऱ्याला समांतर पसरलेली सरोवरे, नद्या आणि कालवे यांचा हा जलमार्ग असून कोल्लम ते कोट्टापुरम हा त्यातील 168 किलोमीटरचा पट्टा 1993 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषित झाला. वेंबनाड सरोवर ओलांडताना वाऱ्याने थोडी लाट उठते, एवढीच काय ती हालचाल. कुट्टनाडमधील भातशेती समुद्रसपाटीच्याही खाली असल्यामुळे डेकवर बसून पाहताना बांधापलीकडची खाचरे आपल्या बोटीखालच्या पाण्यापेक्षा खोल दिसतात आणि त्यांतले पाणी पंपाने उपसून कालव्यात सोडले जात असते. क्रूझवर किनारा लवकरच दिसेनासा होतो आणि त्याबरोबर मोबाइलची रेंजही जाते. ज्याला कसारा घाटात गाडी लागते, त्याने समुद्रात बोट लागण्याची शक्यता गृहीत धरावी, औषधाबाबत आधीच डॉक्टरांना विचारावे आणि जहाजाच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, कारण तेथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. गंगापूर धरणाच्या बोट क्लबवर काही झाले नव्हते, हा पुरावा येथे चालत नाही.

हाउसबोटीचे वेळापत्रक मात्र बारकाईने पाहावे, कारण बहुतेकांचा हिरमोड तेथेच होतो. बोट साधारणपणे दुपारी बाराला ताब्यात मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोडावी लागते. परंतु रात्री कोळ्यांची जाळी पाण्यात असल्यामुळे संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास ती काठाला लावावी लागते. जेवणासाठीचा थांबा वजा केला, तर एका रात्रीच्या पैशांत बोट प्रत्यक्ष चालते ती जेमतेम चार-पाच तास, तीही सायकलीच्या वेगाने. दोर नारळाच्या बुंध्याला बांधला, की पुढची रात्र म्हणजे डास आणि शेजारच्या बोटींच्या जनरेटरची घरघर. स्वस्तातल्या बोटींत एसी फक्त रात्रीपुरताच चालतो, हे दुपारच्या उकाड्यात कळण्यापेक्षा आधी विचारलेले बरे. म्हणूनच माझ्या मते हाउसबोट घ्यायची तर दोन रात्रींसाठी घ्यावी. मधला अखंड दिवस हाती असला, तरच गर्दीच्या धक्क्यापासून दूर अरुंद कालव्यांपर्यंत किंवा वेंबनाडच्या काठावरील कुमरकमच्या बाजूला निवांत जाता येते.

मित्रांच्या दृष्टीने खरा फरक बैठकीचा आहे. हाउसबोटीच्या पुढच्या भागात एकच मोकळी ओसरी असते. तेथेच जेवण, तेथेच पत्ते आणि तेथेच गप्पा, त्यामुळे रुसलेल्या माणसालाही फार लांब जाता येत नाही. क्रूझवर हजारभराहून अधिक प्रवासी असतात. दोघादोघांच्या केबिन वेगवेगळ्या मजल्यांवर येतात, एकाला नाटक पाहायचे असते, दुसऱ्याला पोहायचे असते, आणि सगळे एकत्र भेटतात ते बुफेच्या रांगेत. लहान मुले बरोबर असतील, तर हीच गोष्ट फायद्याची ठरते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या आई-वडिलांसाठीही क्रूझच बरी. तेथे लिफ्ट आणि डॉक्टर दोन्ही असतात, तर हाउसबोटीत चढताना कधीकधी फळीवरून किंवा शेजारच्या बोटीतून जावे लागते.

खर्चाची रीतही वेगळी आहे. हाउसबोटीचे भाडे खोल्यांच्या संख्येप्रमाणे अख्ख्या बोटीचे असते, त्यात चालक, स्वयंपाकी आणि जेवण धरलेले असते. त्यामुळे माणसे पुरेशी जमली, तर प्रत्येकी खर्च आटोक्यात येतो. नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात मात्र भाव भलतेच चढतात. क्रूझचे तिकीट माणशी असते आणि त्यावर बंदर शुल्क, कर, बक्षिसी व पेये यांची भर पडते. बाहेरचे खाद्यपदार्थ क्रूझवर नेता येत नाहीत, पण शाकाहारी आणि जैन जेवण सहज मिळते. हाउसबोटीवर कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी आधी कळवावे; खोबरेल तेलातला स्वयंपाक चालत नसेल तर तेही सांगावे. सोबत नेलेल्या चिवड्याला तेथे कोणी हरकत घेत नाही. मासे खाणाऱ्यांनी करीमीन हा तेथला स्थानिक मासा चुकवू नये.

एका गोष्टीबाबत हाउसबोटीच्या बाजूने बोलणे अवघड जाते. वेंबनाडला 2002 पासून रामसर पाणथळ क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे आणि तरीही बोटींचे सांडपाणी ही तेथील जुनी तक्रार आहे. बोट ठरवताना नोंदणी, विमा आणि लाइफ जॅकेटांबरोबर सांडपाण्याच्या टाकीचीही चौकशी करावी. मालक उत्तर टाळू लागला, तर दुसरी बोट पाहावी.

पाच-सहा जुने मित्र, हाती सहा दिवस आणि गप्पांची भूक असेल, तर मी हाउसबोटच सुचवेन. लहान-थोर मिळून मोठा गोतावळा आणि जोडून आलेला शनिवार-रविवार असेल, तर क्रूझ. दोन्हींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम असून दिवाळीच्या सुट्टीचे रेल्वे आरक्षण बोटीच्याही आधी करून ठेवावे.