तांबं उतरवलं की गाठ सुकते, असं सांगून आम्हाला लुटलं

माझ्या थोरल्या भावाच्या, भाईच्या मेंदूत ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे कॅन्सरची जहाल गाठ, निघाली. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे शेक (रेडिएशन) आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या ठरल्या. हा आजार परत येतो, हे डॉक्टरांनी लपवलं नाही. त्या दिवसापासून घरात कुणाला झोप नव्हती. नेमका तेव्हाच ओळखीतल्या एकाने फोंड्याच्या एका 'आहारतज्ज्ञा'चा नंबर दिला.

माणूस मोठा गोडबोल्या. म्हणाला, गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, त्यांना तांबं लागतं. तांबं काढलं की गाठ उपाशी मरते. पुरावा म्हणून अमेरिकेतल्या अभ्यासाची छापील पानं पुढे केली. २००५ सालचा अभ्यास, ४० रुग्ण. एका ओळीवर पिवळी खूण होती: रुग्णांच्या रक्तातलं तांबं खरोखर कमी झालं. मी शाळेत शिकवते, वाचता येतं मला. तरी त्या खुणेच्या पुढे मी वाचलं नाही, हा सल अजून जात नाही.

४८ हजार भरले. त्यात केसांची तपासणी, पावडर, झिंकच्या कॅप्सूल आणि बंद पदार्थांची यादी: काजूगर, तिसऱ्या, कुर्ल्या, कालवं, काळीज, तीळ, अळमी (अळंबी). आईच्या वेळची तांब्याची कळशी वहिनीने माळ्यावर टाकली. श्रावणात शेजारच्या काकींनी पानात गुंडाळून रोणाची, म्हणजे वारुळावरची अळमी आणली. भाईने पान उघडलं, नुसता वास घेतला आणि पुडी परत बांधली. गोळ्यांनी अन्नावरची वासना आधीच गेली होती. जे दोन घास आवडीने गेले असते, तेही आम्हीच काढून घेतले.

पाचव्या आठवड्यात पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या की गोळ्या थांबवाव्या लागल्या. केमोनेही पेशी उतरतात, म्हणून आधी कुणाला शंका आली नाही. मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरी आणखी काय काय देता?" वहिनीला रडू फुटलं. तिने पिशवीतून पावडरीचं पाकीट काढलं. त्यावर ना नाव, ना घटक. तपासणीत तांबं अगदी तळाला गेलेलं निघालं. फार झिंक घेतलं की ते आतड्यातच तांब्याला अडवतं. तांबं फार घटलं की रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी पडतात, नसांनाही इजा होते.

मग बाईंनी तो अभ्यास मला पुरता वाचून दाखवला. त्या रुग्णांना शेकासोबत पेनिसिलामीन हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं होतं. तांबं उतरलं, पण आयुष्य वाढलं नाही. निष्कर्षात हे स्पष्ट लिहिलंय. आम्हाला त्यातलं अर्धंच दाखवलं.

पैसे मागायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही पथ्य मोडलं असणार." पावतीवर फक्त 'आहार सल्ला'. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणूनच कॅन्सर हा शब्द त्याने लिहून कुठेच दिला नव्हता, सगळं तोंडी. केसांच्या तपासणीचा अहवाल तर शेवटपर्यंत हाती आला नाही. आम्ही पाकीट आणि पावती जोडून पोलिसांत तक्रार दिलीय. असलं काही घरात आलं असेल तर पाकीट फेकू नका, तसंच उचलून तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवा.

गेल्या आठवड्यात म्हापशाच्या बाजारात एक पत्रक मिळालं. नाव वेगळं, फोन नंबर तोच. आणि तेच ४० रुग्ण.