सीताफळाला सुरी लागण्याआधी भाव विचारा

आम्ही तैपेईला गेलो तो डिसेंबर, म्हणजे तिथल्या सीताफळांचा हंगाम. तिकडे सीताफळाला ‘शिज्या’ म्हणतात. हे ‘शाक्य’चंच चिनी रूप, खडबडीत साल बुद्धमूर्तीच्या डोक्यावरच्या कुरळ्या केसांसारखी दिसते म्हणून. नाइट मार्केटमध्ये रचलेली ती भलीमोठी सीताफळं पाहून सासूबाई जागीच थांबल्या. त्या शाकाहारी, चार दिवसांत मनासारखं काही पोटात गेलं नव्हतं.

विक्रेत्याने हसत फोड चाखायला दिली. पाटीवर मोठ्या लाल आकड्यांत ८०. आम्हाला वाटलं, किलोचा भाव असेल, फार तर नगाचा. दोन सीताफळं आणि एक पेरू सांगितला. काटा त्याच्या बाजूला वळवलेला. फळं ठेवली, उचलली आणि त्याच दमात कापलीसुद्धा, पेरूवर आंबटगोड पूडही भुरभुरली. मग कॅल्क्युलेटर पुढे केला : १,०६० तैवानी डॉलर. जवळपास तीन हजार रुपये!

नको म्हटल्यावर तो कापलेल्या फोडींकडे बोट दाखवून ओरडायला लागला. लोक बघायला लागले, सासूबाई घाबरल्या, ह्यांनी मुकाट्याने पैसे दिले. हॉटेलवर त्यांनी एकही फोड तोंडात घातली नाही. “माझ्यामुळे झालं,” एवढंच म्हणत राहिल्या. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

पाटीचा फोटो मोबाइलवर भाषांतरित केला तेव्हा ८०च्या खाली बारीक अक्षरांत सापडलं : १०० ग्रॅम. म्हणजे किलोला ८००.

तिथे साधारणपणे भाव ‘जिन’वर असतो. तैवानचा जिन ६०० ग्रॅमचा (चीनमधला ५००चा). काही पाट्यांवर अर्ध्या जिनचा किंवा १०० ग्रॅमचा भाव असतो, म्हणून आकड्याखालचं अक्षर आधी वाचून घ्या. वजन झालं की एकूण रक्कम कॅल्क्युलेटरवर मागा, आणि तोवर ‘बू याव छ्ये’, म्हणजे ‘कापू नका’, असं स्पष्ट सांगा. सुरी फिरली की तुमच्या हातात काही उरत नाही. तक्रारीसाठी ग्राहकांची हेल्पलाइन १९५० आहे, पर्यटकांसाठी ०८००-०११-७६५ चोवीस तास चालू असते. हे नंबर आधीच ठाऊक असते तर मी त्याच्यासमोर फोन लावला असता.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या सकाळच्या बाजारात तसंच सीताफळ ९० डॉलर जिनने मिळालं. दोन फळांचे १६५ झाले. विकणाऱ्या आजींनी काटा आमच्याकडे वळवला, आज खाणार की उद्या हे खुणेने विचारलं आणि त्याप्रमाणे फळं दाबून निवडून दिली.