नागपुरातला स्कूबा हवेच्या खपाचा स्विमिंग पूल वर्ग: शिकवणं उत्तम, मोजमापात दोन चुका

मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी बेट किंवा अंदमानची स्कूबा डाइव्ह ठरवण्याआधी आपला हवेचा सिलिंडर किती मिनिटं पुरेल, हे नागपुरातच स्विमिंग पूलमध्ये मोजून देणारा दोन सत्रांचा वर्ग आहे. प्राथमिक स्कूबा कोर्स झालेल्यांसाठी तो आहे. आयोजकांचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेल्या उणिवा बहुतेक पूल वर्गांत दिसतात.

वर्गाची सगळ्यात जमेची बाजू म्हणजे ‘सावकाश श्वास घ्या’ एवढ्यावर तो थांबत नाही. आधी हिशोब शिकवतात. सिलिंडरमधल्या दाबाचे किती बार (बार म्हणजे दाबाचं एकक) खर्च झाले ते सिलिंडरच्या आकारमानाने गुणायचं, मग मिनिटांनी आणि त्या खोलीवरच्या दाबाने भागायचं. नेहमीचा ॲल्युमिनियम सिलिंडर ११.१ लिटरचा असतो. सरासरी २ मीटर खोलीवर, म्हणजे १.२ बार दाबाखाली, १० मिनिटांत २० बार गेले तर पृष्ठभागावरचा खप मिनिटाला १८.५ लिटर. तोच माणूस समुद्रात १८ मीटरवर गेला की दाब २.८ बार होतो आणि खप ५२ लिटरच्या आसपास जातो. २०० बारपैकी ५० बार राखीव धरले तर उरलेली १६६५ लिटर हवा साधारण ३२ मिनिटं पुरते. हे गणित प्रत्येकाकडून स्वतःच्या आकड्यांनी करून घेतात, आणि ते फार मोलाचं आहे.

पण तो आकडा ज्या पद्धतीने मिळवतात, तिथे मोठी गफलत आहे. सिलिंडर पूलकाठी उघड्यावर ठेवतात आणि दाबाचं सुरुवातीचं रीडिंग पाण्यात उतरण्याआधी घेतात. मे महिन्यात नागपूरची हवा ४५ अंशांवर आणि पूलचं पाणी ३० अंशांवर असेल, तर २०० बारचा सिलिंडर नुसता थंड होऊनच ९ बारच्या वर उतरतो. हवा कोणी ओढलेली नसते, तापमानाबरोबर दाब कमी होतो इतकंच. दर अंशाला साधारण ०.६ बार. उन्हात तापलेल्या सिलिंडरचा फरक आणखी मोठा. आता वरच्या उदाहरणात २० ऐवजी २९ बार खर्च झाले असं समजा: खप १८.५ वरून जवळजवळ २७ लिटरवर जातो आणि १८ मीटरवरचा वेळ ३२ वरून २२ मिनिटांवर येतो. चांगला डायव्हर उगाच आपल्या श्वासाला दोष देत बसतो.

उपाय सोपा आहे. सिलिंडर आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यात बुडवून ठेवायला सांगा आणि पहिलं रीडिंग पाण्याखालीच घ्या. शिवाय काट्याच्या गेजवर (दाबमापकावर) ५ बारचा फरक नीट दिसतही नाही, म्हणून चाचणी १० ऐवजी २० मिनिटांची करा किंवा डिजिटल गेज मागा.

दुसरी चूक वजनाची. पूलच्या तळाशी मंडळी स्थिर राहावीत म्हणून वेटबेल्टवर (कमरेच्या वजनाच्या पट्ट्यावर) सढळ हाताने वजन चढवतात. त्याने कंबर खाली ओढली जाते, ते तोलायला बीसीडीत (तरंगणं सांभाळणाऱ्या, हवा भरायच्या जॅकेटमध्ये) जास्त हवा भरावी लागते, छाती वर उचलली जाते आणि पाय लोंबतात. असं तिरकं शरीर पुढे ढकलायला मांड्या राबतात. पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध चौपट आणि लागणारी ताकद आठपट होते. त्यात शरीर तिरकं असेल तर हवा गेलीच म्हणून समजा. हवेच्या खपात वजन आणि शरीराची ठेवण यांना आम्ही श्वासाच्या लयीच्याही वर ठेवू.

योग्य वजन असं तपासा: बीसीडी पूर्ण रिकामी, नेहमीचा श्वास छातीत, हालचाल बंद, पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं आणि श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असेल तर २ किलो वाढवा, कारण २०० वरून ५० बारपर्यंत येताना तेवढ्या वजनाची हवा निघून जाते. वर्गात न सांगितलेली आणखी एक गोष्ट म्हणजे हे वजन गोड्या पाण्याचं आहे. सामानासकट १०० किलो भरणाऱ्या माणसाला खाऱ्या पाण्यात आणखी अडीच किलोच्या आसपास लागतात. तारकर्लीला पोचल्यावर पूलचा आकडा तसाच सांगू नका, तिथे पुन्हा तपासा.

श्वासाचा भाग मात्र नेमका शिकवतात. चार-पाच सेकंद आत, सहा-सात सेकंद बाहेर, मध्ये घसा बंद करायचा नाही. हवा वाचवायला दम रोखणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवतात, आणि ते योग्यच आहे. कार्बन डायऑक्साइड साठला की डोकं दुखतं, धाप लागते आणि वाचवलेली हवा दामदुपटीने जाते. वर येताना दम रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. हातांनी पाणी मारायची सवय मोडायला हात छातीशी बांधून पोहायला लावतात, तो सराव उपयोगी पडतो.

भाड्याचे रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडापर्यंत देणारं उपकरण) ठीक आहेत. माउथपीस फाटका नाही ना, ते पाहून घ्या आणि ऑक्टोपसचं (जोडीच्या राखीव रेग्युलेटरचं) तोंड खाली ठेवा, नाहीतर तो आपोआप हवा सोडू लागतो.

सत्राचा महिनाही पाहून निवडा. डिसेंबर-जानेवारीत पाणी इतकं गार असतं की पातळ सूटमध्ये कुडकुडूनच खप वाढतो, मे महिन्यात सिलिंडर तापतो. ऑक्टोबरअखेर किंवा फेब्रुवारीतलं सकाळचं सत्र घ्या. ज्यांचा सिलिंडर दरवेळी सोबत्याच्या आधी संपतो, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. कोर्स नुकताच संपलेल्यांनी आधी आठ-दहा समुद्री डाइव्ह कराव्यात. तोवर खप घाबरेपणाने वाढलेला असतो आणि मोजलेला आकडा लवकरच बदलतो.