‘परमिशन लागत नाही’ म्हणून गळ्यात मारलेली लाकडी केबिन

इंग्लंडात घरामागच्या बागेत लाकडी केबिन बांधायची असेल, तर विक्रेत्याचं ‘याला प्लॅनिंग परमिशन (बांधकामाची सरकारी परवानगी) लागत नाही’ हे वाक्य लेखी घेतल्याशिवाय एक पेनीही देऊ नका. आम्हाला ते फोनवर सांगितलं होतं, ठासून.

परवानगीशिवाय बांधायचं तर नियम साधा आहे. केबिन कुंपणापासून 2 मीटरच्या आत येत असेल, तर तिची उंची 2.5 मीटरच्या वर जाता कामा नये. आमच्या मॉडेलची माहितीपत्रकातली उंची 2.48. म्हणजे नियमात बसली की! पण कौन्सिल, म्हणजे तिथली पालिका, उंची मोजते ती केबिनलगतच्या जमिनीपासून, आणि कंपनीने मोजली होती केबिनच्या तळापासून. या दोन्हींच्या मध्ये काँक्रीटचा चांगला वीतभर चौथरा, तोही त्यांच्याच माणसांनी ओतलेला. शेजाऱ्यांनी तक्रार केली (त्यांचं चुकलं नाही, त्यांच्या खिडकीसमोर भिंतच उभी राहिली), कौन्सिलचा माणूस टेप घेऊन आला आणि विषय संपला. कंपनीचं उत्तर: ‘केबिन 2.48चीच आहे, पाया आमच्या उत्पादनात येत नाही.’ पायाचे पैसे मात्र त्याच बिलात लावले होते.

लाकडाची गंमत वेगळीच. ऑर्डर 44 मिलिमीटर जाडीची, आलं 34चं. शिवाय ओंडक्यांच्या भिंती हवेप्रमाणे फुगतात, आकसतात, म्हणून दार-खिडक्यांच्या वर फट सोडायची असते आणि चौकट भिंतीला घट्ट ठोकायची नसते. यांनी सरळ स्क्रू मारले. उन्हाळ्यात वरचे ओंडके चौकटीवर अडकून राहिले, खालचे बसले आणि मधून उजेड दिसायला लागला. ‘लाकूड आहे, असं होणारच,’ म्हणे.

विकताना तर ‘भारतातून आई-बाबा आले की इथेच झोपतील’ असंही गळी उतरवलं होतं. झोपण्यासाठी वापर म्हटला की केबिन कितीही लहान असो, बिल्डिंग रेग्युलेशन्स, म्हणजे बांधकाम कसं असावं याचे वेगळे नियम, लागू होतात. 15 चौरस मीटरपर्यंतची सूट झोपायची सोय नसेल तरच.

आणि पैसे? बँक ट्रान्सफर केलंत तर सूट देतो, म्हणाले. त्या सुटीमागचं कारण आता कळतं. 100 पौंडांहून महाग आणि 30,000 पौंडांपर्यंतच्या वस्तूसाठी नुसती अनामत जरी क्रेडिट कार्डाने भरली, तरी विक्रेत्याने करार मोडल्यास 1974च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या कलम 75खाली कार्ड कंपनीकडे पूर्ण रकमेचा दावा लावता येतो. बँक ट्रान्सफरला हे संरक्षण नाही.

कोणी घेणार असाल तर आधी कौन्सिलकडून कायदेशीरपणाचा दाखला, म्हणजे लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट, काढा. उंची पायासकट किती, हे ऑर्डरवर लिहून घ्या. फ्लॅटला ही विनापरवानगी बांधण्याची सवलत मुळातच नाही, आणि वारसा यादीतल्या घराच्या आवारात परवानगी घ्यावीच लागते.

केबिन बसवणाऱ्याने जाताना फुकटचा सल्लाही दिला होता: ‘चार वर्षं गप्प बसा, मग कौन्सिल काही करू शकत नाही.’ इंग्लंडात एप्रिल 2024पासून ती मुदत 10 वर्षांची झाली आहे.