परसातली छाटणी : आत्ता फेब्रुवारीत, की फळं उतरल्यावर?

माघातली थंडी ओसरली की छाटणीला हात शिवशिवतात. मोबाइलवर तेव्हाच परदेशी बागांचे व्हिडिओ येऊ लागतात, ‘छाटणीची हीच वेळ’ सांगणारे. त्यांच्या सफरचंदाला आणि नासपतीला ते अगदी बरोबर आहे. ती झाडं हिवाळाभर निजलेली असतात, डोळे (नवे अंकुर) फुटायच्या आत छाटलेली बरी. आपला आंबा मात्र त्याच दिवसांत मोहरलेला असतो. म्हणून महिना बघण्याआधी आपलं झाड कुठल्या फांदीवर फळ धरतं, ते बघा.

आंबा जुन, म्हणजे पक्व झालेल्या फांदीच्या शेंड्यावर मोहरतो. कौलांवर येते म्हणून मी एकदा फेब्रुवारीत एक फांदी उतरवली, तिच्याबरोबर बोराएवढ्या कैऱ्याही गेल्या. शिवाय उघड्या पडलेल्या सालीला पुढचे तीन महिने ऊन लागलं आणि ती तडकली. तेच काम शेवटचे आंबे उतरल्यावर, जूनमध्ये केलं तर पावसावर नवी पालवी येते आणि मोहराच्या वेळेपर्यंत जुन होते. फार लांबवून ऑगस्ट-सप्टेंबरात छाटलं, तर पालवी कोवळी राहते आणि पुढच्या वर्षी त्या फांद्यांवर बहुधा मोहर येत नाही. पावसातल्या छाटणीचा तोटाही आहे : ओल्या जखमेवर बुरशी धरते. उघडीप बघून कापा आणि त्याच दिवशी बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप लावा. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको.

पेरूच्या बाबतीत खरी निवड करावी लागते. पेरू नव्या फुटीवरच फुलतो, त्यामुळे आत्ता छाटला तरी फळ येईलच. पण ते भर पावसात येईल, पाणचट आणि फळमाशीने किडलेलं. त्यापेक्षा एप्रिलपासून पाणी तोडा, मे महिन्यात शेंडे छाटा, म्हणजे मृग बहार (पावसाच्या सुरुवातीचा फुलोरा) धरतो आणि थंडीत गोड पेरू मिळतात. झाड लहान किंवा अशक्त असेल तर मात्र पाण्याचा ताण देऊ नका. माझं मत मेच्या बाजूने आहे, पावसाळी पेरू निम्मे तरी टाकून द्यावे लागतात.

सीताफळाला आत्ताचीच वेळ चांगली. पानं गळलेली असल्याने कुठली फांदी आत घुसली आहे, कुठल्या दोन एकमेकींवर घासतात, ते स्वच्छ दिसतं. वाळकी, दाटीची काढा, शेंडे थोडे मागे घ्या. फुलं बरीचशी नव्या फुटीवर येतात. मोगराही याच हप्त्यात छाटून, खत घालून पाण्यावर आणला, तर उन्हाळ्यात फुलतो. कढीपत्ता बिनधास्त छाटा. लिंबाला या दिवसांत आंबे बहाराची (आंब्याच्या मोहराबरोबर येणारी) फुलं असतात, म्हणून फक्त वाळक्या काड्या आणि बुंध्याजवळून सरळ वर गेलेले पानसोट काढायचे. चिकूला एवढंही लागत नाही.

म्हणजे हाताशी आत्ता एकच रविवार असेल, तर तो सीताफळ, मोगरा आणि कढीपत्त्याला द्या. मेलेलं लाकूड कुठल्याही झाडाचं, कधीही काढता येतं.

पाचोळा जाळायचा की राखायचा, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे. जाळलात तर हातात मूठभर राख आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांत धूर. झाडाच्या आळ्यात चार बोटं जाड पसरलात तर मे महिन्यातही खालची माती ओलसर लागते. फक्त बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी लागते. रोगट पानं आणि किडकी फळं मात्र आळ्यात नकोत.

शहरात असाल तर मोठी फांदी उतरवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागात परवानगीची चौकशी करा. आणि करवत लावण्याआधी वर नीट बघा. हे घरट्यांचे दिवस आहेत. पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत फांदी तशीच राहू द्या.