मागच्या बाकावरचा खासदार आणि पीआरएसचे ‘एमपी ट्रॅक’

२००५ मध्ये सुरू झालेल्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची ‘एमपी ट्रॅक’ ही सेवा मी काही वर्षे वापरत आहे. प्रत्येक खासदाराची हजेरी, प्रश्न, चर्चेतील सहभाग आणि खासगी विधेयके (मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेली) यांचे आकडे तेथे सरासरीशेजारी मांडलेले असतात. मंत्री हजेरीपटावर सही करीत नसल्याने त्यांची हजेरी दिसत नाही, म्हणजे हे साधन खऱ्या अर्थाने मागच्या बाकांसाठीच, म्हणजे मंत्री नसलेल्या साध्या खासदारांसाठीच, आहे. आकड्यापेक्षा प्रश्नाचे शीर्षक वाचावे, हे मी लवकरच शिकलो: आमच्या खासदारांच्या लांबलचक यादीत बहुतेक प्रश्न साऱ्या देशाच्या आकडेवारीचे होते आणि आमच्या तालुक्याचा एकच, रेल्वे फाटकाचा.

मतदानाची नोंद शोधणाऱ्याची मात्र निराशा होते, आणि त्यात दोष या सेवेचा नाही. बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होत असल्याने कोणी ‘हो’ म्हटले, हे कागदावर उरतच नाही. मतविभागणी, म्हणजे प्रत्येकाचे मत नोंदवून मोजणी, झालीच, तरी १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणे म्हणजे सदस्यत्व पणाला लावणे.

मतदारसंघातील कामाची बाजू तर येथे कोरीच आहे. वर्षाला ५ कोटींच्या खासदार निधीतून कोणता रस्ता झाला, हे पाहायला सरकारी संकेतस्थळ गाठावे लागते. जनसंपर्क कार्यालयातील अर्जांचा हिशेब मात्र कोठेच नाही. माझ्या अर्जाची नोंद तेथे फुलस्केप वहीत झाली होती, तीही पेन्सिलीने.