जुन्या कोल्टची पारख: हार्टफर्डजवळच्या एका आजोबांची सेवा

आधीच सांगतो, जुन्या रिव्हॉल्व्हरांचं मूल्यांकन करणाऱ्या या आजोबांचं नाव-पत्ता देणार नाही. त्यांनीच नको म्हटलंय, आणि ते बरोबर आहे. ज्याच्या टेबलावर दर आठवड्याला लोकांची दीडशे वर्षांची रिव्हॉल्व्हरं येऊन पडतात, त्याचं घर सगळ्या गावाला माहीत असून चालत नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डहून गाडीने चाळीसेक मिनिटं, कनेटिकट नदीच्या कडेकडेने खाली. जुनं लाकडी घर, मागच्या दाराने आत जायचं. ओळखीच्या एखाद्या संग्राहकाला विचारलंत तर फोन नंबर मिळेल, मलाही तसाच मिळाला.

मी हार्टफर्डला विमा कंपनीत आहे. येता-जाता हायवेवरून कोल्ट या रिव्हॉल्व्हर बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या कारखान्याचा निळा घुमट दिसतो, वर दोन पायांवर उभा राहिलेला घोडा. सतरा वर्षं घुमट नुसता बघून काढली, मग पहिलं रिव्हॉल्व्हर घेतलं. आता तीन आहेत. घराच्या पॉलिसीत ती वेगळी नोंदवायची तर लेखी मूल्यांकन लागतं. लोकांकडून असले कागद मागून मागून माझं आयुष्य गेलं आणि माझ्याच घरातल्या वस्तूंचे कागद नव्हते.

त्याआधी एका गन शोमध्ये एका टेबलवाल्याने फुकट अंदाज दिला होता. माझं नेव्ही (कोल्टचं 1851 चं मॉडेल) हातात घेऊन मिनिटभर फिरवलं, म्हणाला सहाशे डॉलर, आणि लगेच पाकीट काढलं. सांगलीच्या सराफ कट्ट्यावर माझे वडील तीस वर्षं वही लिहायचे. मोडीचा भाव सांगणारा आणि मोड विकत घेणारा माणूस एकच असला की घट कोणाच्या पदरात पडते, ते आम्ही लहानपणापासून जेवताना ऐकलेलं. मी ते परत पेटीत ठेवलं.

आजोबा (वय ऐंशीच्या पुढे असावं) विकतही घेत नाहीत आणि विकूनही देत नाहीत. एका नगाचे 125 डॉलर, चेकनेच. किमतीवर टक्केवारी घेणारा असला तर उठून या, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. अमेरिकेतल्या मूल्यांकनाच्या नियमांत तसं चालतच नाही, कारण आकडा फुगवण्यात फी घेणाऱ्याचा फायदा होतो.

पहिलं काढलं ते 1851 नेव्ही. 36 कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप), सहा बार, साडेसात इंची नळी. यात काडतूस नसतं. सिलिंडरच्या प्रत्येक घरात पुढून दारू आणि शिशाची गोळी ठासायची, मागे निपल नावाच्या बारीक नळकांडीवर ठिणगी देणारी तांब्याची टोपी बसवायची. आजोबांनी आधी एक बारीक लाकडी काडी सहाही घरांत घालून पाहिली. माळ्यावर सापडलेली असली हत्यारं अजूनही भरलेली निघतात म्हणे. मग प्लॅस्टिकच्या हातोडीने पाचर हळूच ठोकून काढली आणि नळी वेगळी केली. या कोल्टची नळी एका पाचरीवर उभी असते हे मला वाचून माहीत होतं, पण आपलं पिस्तूल दुसऱ्याच्या टेबलावर तीन तुकड्यांत बघताना पोटात गोळा आला.

नंबर जुळवणं सुरू झालं. फ्रेमवर, नळीखाली, चापाच्या कड्यावर, मुठीच्या पट्टीवर, सिलिंडरवर. सगळीकडे तोच, 96 हजारांतला. म्हणजे 1860 साली बनलेलं. पाचरीवरचा मात्र वेगळा. त्यांनी खांदे उडवले, पाचर हरवायचीच. मग भिंग नळीवर नेलं आणि मला म्हणाले, पत्ता वाच. वाचला: सॅम्युएल कोल्ट, हार्टफर्ड. ते खुशीत हसले. नेव्हीच्या नळीवर सुरुवातीला न्यूयॉर्क सिटीचा पत्ता असे. साधारण 74 हजार नंबरपासून लाखाच्या जरा पुढेपर्यंत हार्टफर्डचा. मग पुन्हा न्यूयॉर्क, पण वेगळ्या शब्दांत. माझ्या नंबरवर न्यूयॉर्क निघालं असतं तर नळी दुसऱ्या कुठल्या तरी पिस्तुलाची. चार वर्षं मी ती अक्षरं रोज बघत होतो, पण त्यांचा नंबरशी संबंध असतो हे डोक्यात आलं नव्हतं.

सिलिंडरवर जहाजांची लढाई कोरलेली असते, टेक्ससचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं, तारीख 16 मे 1843. ऑर्म्सबी नावाच्या, नोटांची कोरीव कामं करणाऱ्या कारागिराचं हे काम; रोलरने दाबून उठवलेलं, त्यामुळे मुळातच उथळ. माझ्या सिलिंडरवर शिडं दिसतात, तारीख अर्धी. जितकं चित्र शिल्लक तितका भाव, असं ते म्हणाले.

आणि मग चापाच्या कड्यावर येऊन थांबले. बराच वेळ बघत राहिले. विचारलं, हे कोणी घासलं?

आईने. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून आली होती. मी ऑफिसला गेलेलो, कपाट उघडं. संध्याकाळी घरी आलो तर टेबलावर कडं झळाळतंय, देवघरातल्या समईसारखं. "अरे, किती काळं पडलं होतं रे ते! चिंच-मीठ लावून चोळलं, बघ कसं निघालं!" तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मी काही बोललो नाही. पितळ म्हणजे घासायचं, हे आमच्या घरात श्वास घेण्याइतकं सरळ आहे. नेव्हीच्या पितळी कड्यावर आणि मुठीच्या पट्टीवर कारखान्यातून चांदीचा मुलामा येत असे. बहुतेकांचा तो हात लागून लागून जातो. कोपऱ्यात, चापाच्या मागे, थोडासा उरतो आणि काळा पडतो. आईने घासलेला तो काळा कोपरा म्हणजे 1860 सालची चांदी होती.

आजोबा हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. म्हणाले, मूठ सोडवलीस तर पट्टीच्या आतल्या बाजूला थोडी सापडेल, तिथे चिंच पोचली नसेल. सोडवून दाखवली. होती! नखाएवढी, काळी. नेव्ही विकलं तर दोन हजार, विम्यासाठी सव्वीसशे. विम्याचा आकडा मोठा असतो कारण तसंच दुसरं आज दुकानातून आणायला काय पडेल, ते त्यात धरतात. आमच्या धंद्यात हे रोज सांगावं लागतं.

दुसरं होतं सिंगल ॲक्शन आर्मी, 1873 साली आलेलं मॉडेल, 45 कॅलिबर. माझं 1,32,000 नंबरच्या आसपासचं, म्हणजे 1890 चं. अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कायद्यात 1898 किंवा त्याआधी बनलेलं हत्यार ॲंटीक धरतात, म्हणून तो नंबर बघूनच घेतलं होतं (राज्यांचे नियम निराळे असतात, ते आपापले पाहावेत). पावणेपाच इंची आखूड नळी, सगळं काळंनिळं चकचकीत. 2,600 डॉलर मोजले होते, एका प्रदर्शनात, एका सुटाबुटातल्या माणसाला.

आजोबांना तीन मिनिटं लागली. आधी फ्रेम. या मॉडेलची फ्रेम सहसा निळी नसते, तिच्यावर उष्णता देऊन आणलेले करडे-जांभळे-तपकिरी ढग असतात. म्हणजे नंतर कोणीतरी पॉलिश करून नवीन निळाई चढवली. स्क्रूच्या भोकांकडे बघ म्हणाले. पॉलिशच्या चाकावर धरलं की भोकाच्या कडा खचतात आणि बशीसारख्या होतात. माझ्या तशाच होत्या. फ्रेमवरचा कोल्टच्या घोड्याचा छाप पुसट, कडा गोल. आणि मग नळीवरचा पत्ता: एका ओळीत. कारखान्यात पावणेपाच इंची नळीवर पत्ता दोन ओळींत मारत, एका ओळीतला पत्ता असे साडेपाच आणि साडेसात इंचीवर. शिवाय माझ्यावर ती ओळ तोंडाकडे सरकलेली. नळी कोणीतरी कापलेली.

मी वाद घातला. मग ते म्हणाले, कोल्टकडून पत्र मागव. कोल्टच्या जुन्या नोंदवह्यांवरून कंपनी पैसे घेऊन पत्र देते: कोणत्या दिवशी, कोणाला पाठवलं, नळी केवढी, रंग कोणता. मागवलं. साडेसात इंच. मूल्यांकनात ते 1,300 डॉलर झालं, निम्मं. सुटाबुटातल्या माणसाचा नंबर लागत नाही.

सगळंच कौतुक करत नाही. अहवाल हातात यायला सात आठवडे लागले. टाइपरायटरवर टाइप केलेला, फोटो चिकटवलेले, पोस्टाने. ईमेल नाही म्हणजे नाही. मला तो स्कॅन करून आमच्याच कंपनीला पाठवावा लागला आणि तिथल्या पोरीने विचारलं, हे म्युझियममधून आणलंय का. शिवाय बोलण्याला अंत नाही. 1864 मध्ये कारखाना जळाला ती हकिकत मी दोनदा ऐकली, आणि दुसऱ्यांदा ती वीस मिनिटांनी वाढलेली होती. खुर्चीवर मांजराचे केस. पण नळी कापलेली आहे हे चाळीस छायाचित्रं मागवणाऱ्या त्या ऑनलाइन मूल्यांकनवाल्यांना दिसलं नव्हतं (हो, त्यांनाही पैसे देऊन झालेत), यांना चष्मा कपाळावर सारून दिसलं.

जाणार असाल तर एवढं करा: काहीही पुसू नका, तेलसुद्धा नको. मूठ घरी सोडवू नका. चुकीचा पेचकस लागला की स्क्रूची खाच फाटते आणि तीही ते अहवालात लिहितात. घेतल्याची पावती असली तर न्या.

माझ्या अहवालात नेव्हीच्या खाली एक ओळ आहे, चापाचं कडं अलीकडे चिंच आणि मिठाने साफ केलेलं. चिंचेचं स्पेलिंग त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. तिसरं, 1849 चं पॉकेट मॉडेल, अजून दाखवायचंय. नोव्हेंबरमधली तारीख मिळाली आहे.